अचूकतेचा कारागीर : हेन्री मॉडस्ले

आमच्या संशोधनाच्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. प्रयोगशाळेत एक जुने विलायती उपकरण होते. त्याच्या पायाचा एक बोल्ट हरवला. दिसायला तसाच, तेवढ्याच जाडीचा बोल्ट आम्ही बाजारातून आणला. तो दोन फेरे गेला आणि अडकला. जोर लावून पाहिला, तेल घालून पाहिले. काही उपयोग झाला नाही. शेवटी वर्कशॉपमधल्या वयस्कर टर्नरकडे गेलो. त्यांना सगळे काका म्हणत. काकांनी पातळ पात्यांची एक छोटी फणी भोकाच्या आट्यांना लावून पाहिली आणि म्हणाले, ‘‘साहेब, हा इंची आटा आहे, व्हिटवर्थ. तुमचा बोल्ट मिलिमीटरचा. ह्यांचं जमायचं नाही.’’ आणि अर्ध्या तासात त्यांनी लेथवर नवा बोल्ट करून दिला.

न्यूटनची समीकरणे आम्ही सोडवू शकत होतो. पण बोल्टवर आटे कसे पडतात आणि एकाने केलेला बोल्ट दुसऱ्याने केलेल्या नटात का बसतो, हे एम्.एस्सी.पर्यंत आम्हाला कोणी सांगितले नव्हते. आम्हीही कधी विचारले नव्हते. व्हिटवर्थ हे एका माणसाचे नाव आहे हेसुद्धा तेव्हाच कळले. मग त्याचा माग काढत आम्ही त्याच्या गुरूपर्यंत पोचलो. त्या गुरूची, हेन्री मॉडस्लेची, ही कथा.

दारूखान्यातला मुलगा

मॉडस्लेचा जन्म २२ ऑगस्ट १७७१ रोजी लंडनजवळच्या वुलिच येथे झाला. वडील सैन्यात होते; जखमी झाल्यावर ते वुलिचच्या सरकारी शस्त्रागारात नोकरीला लागले. हेन्री बाराव्या वर्षी त्याच शस्त्रागारात कामाला लागला. काम होते काडतुसांत दारू भरण्याचे. त्या काळी गरीब घरच्या मुलांना अशीच कामे मिळत. पुढे त्याला सुतारखात्यात घातले. पण त्याचे लक्ष सारखे शेजारच्या लोहारखान्याकडे. अखेर पंधराव्या वर्षी त्याला तिकडे पाठवले. थोड्याच दिवसांत त्याच्या हाताची ख्याती वुलिचबाहेर पोचली.

लंडनमध्ये तेव्हा जोसेफ ब्रॅमा नावाचा एक कल्पक यंत्रकार होता. त्याने एका नव्या कुलपाची रचना केली होती. रचना उत्तम, पण सुटे भाग इतके नाजूक आणि नेमके हवेत, की ते करणारा माणूस मिळेना. कोणीतरी मॉडस्लेचे नाव सुचवले. मॉडस्ले आला तेव्हा तो जेमतेम अठरा वर्षांचा होता आणि त्याने रीतसर सात वर्षांची उमेदवारी केलेली नव्हती. इतर कारागीर अशा पोराला आपल्यात घ्यायला तयार होईनात. तेव्हा त्याने तिथलाच एक झिजलेला व्हाइस पाहिला आणि म्हणाला, हा मी संध्याकाळच्या आत नव्यासारखा करून दिला तर? त्याने तो करून दिला आणि प्रश्न मिटला, अशी आठवण सांगितली जाते.

ब्रॅमाने आपले एक कुलूप दुकानाच्या खिडकीत मांडून ठेवले होते. जो हे किल्लीवाचून उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस, अशी पाटीही लावली होती. हे कुलूप मॉडस्लेच्या हातचे. ते साठएक वर्षे कोणालाही उघडता आले नाही. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ते उघडले. त्यासाठी त्याला सोळा दिवसांत मिळून पन्नासहून अधिक तास खपावे लागले.

ब्रॅमाच्या जलदाबयंत्रातही मॉडस्लेचा वाटा होता. दट्ट्याच्या कडेने पाणी गळत असे. घट्ट बसवावे तर दट्ट्या हलेना, सैल ठेवावे तर गळती थांबेना. मॉडस्लेने वाटीसारख्या आकाराचे चामड्याचे कडे बसवण्याची युक्ती सुचवली, असे त्याच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. पाण्याचा दाब वाढला की तोच दाब चामड्याला दट्ट्यावर घट्ट दाबतो. दाब उतरला की चामडे सैल पडते. ज्या दाबाने गळती व्हायची, त्याच दाबाला गळती थांबवण्याच्या कामी लावले! पास्कलचा नियम शिकवताना हे उदाहरण वर्गात अवश्य सांगावे.

आठ वर्षे काम केल्यावर, १७९७ मध्ये, मॉडस्लेने पगारवाढ मागितली. त्याला आठवड्याला ३० शिलिंग मिळत. लग्न झालेले, घरात मुले. ब्रॅमाने नकार दिला. मॉडस्लेने नोकरी सोडली आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ भाड्याच्या जागेत स्वतःचे छोटेसे दुकान थाटले.

आटे पाडणारे यंत्र

आता मूळ प्रश्नाकडे वळू. त्या काळी आटे कसे पाडत? बहुतेक हाताने. लेथ होते, पण कारागीर हत्यार हातात धरून फिरत्या दांड्यावर टेकवी. हात हलला की काम बिघडले. प्रत्येक बोल्टचा नट वेगळा. यंत्र उघडताना प्रत्येक जोडीवर खूण करून ठेवावी लागे. एक जोडी चुकली तर सगळे यंत्र अडकून पडे. दुरुस्ती म्हणजे नवा भाग करणे, आणि नवा भाग म्हणजे पुन्हा पहिल्यापासून कानस घेऊन बसणे.

मॉडस्लेने हत्यार हातातून काढून घेतले आणि एका भक्कम सरकत्या बैठकीवर घट्ट बसवले. ही बैठक पुढे नेण्यासाठी लेथच्या लांबीइतका एक अचूक स्क्रू लावला. त्याला आपण मार्गदर्शक स्क्रू म्हणू. हा स्क्रू आणि फिरणारा दांडा दंतचक्रांनी जोडला. दांडा एक फेरा फिरतो तेवढ्या वेळात हत्यार ठरावीक अंतरच पुढे सरकते, आणि दांड्यावर एकसारखा आटा पडतो. दंतचक्रे बदलली की आट्यांमधले अंतर बदलते. समजा, दांडा दोन फेरे फिरतो तेव्हा मार्गदर्शक स्क्रू एकच फेरा फिरेल अशी चक्रे लावली. मग नव्या आट्यांमधले अंतर मार्गदर्शक स्क्रूच्या आट्यांमधल्या अंतराच्या निम्मे होईल. त्रैराशिकाचे इतके जिवंत गणित दुसरे कुठे सापडेल?

इथे थोडे थांबायला हवे. अनेक पुस्तकांत ‘लेथचा शोध मॉडस्लेने लावला’ असे वाक्य असते. ते बरोबर नाही. लेथ हजारो वर्षे जुने आहे. सरकती बैठक फ्रान्समध्ये व्होकान्सोंने अठराव्या शतकाच्या मध्यावर वापरली होती. आटे पाडणारे अचूक यंत्र इंग्लंडमध्येच जेसी रॅम्सडेनने १७७० च्या दशकात केले होते. पण ते वैज्ञानिक उपकरणांच्या बारीक कामासाठी होते. सरकती बैठक, मार्गदर्शक स्क्रू आणि बदलती दंतचक्रे ही तिन्ही अंगे मॉडस्लेने एका भक्कम, संपूर्ण धातूच्या यंत्रात एकत्र आणली आणि ते यंत्र कारखान्याच्या रोजच्या कामाला जुंपले. नव्या कल्पनेपेक्षा हे काम कमी मोलाचे आहे, असे आम्हाला वाटत नाही. १८०० च्या सुमारास त्याने केलेले असे एक लेथ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

पहिला अचूक स्क्रू कुठून आला?

चौकस विद्यार्थी इथे हमखास अडवेल : अचूक स्क्रू करायला आधी अचूक मार्गदर्शक स्क्रू हवा. मग पहिला अचूक स्क्रू कसा केला?

मॉडस्लेने यावर अनेक उपाय करून पाहिले. त्यातला एक असा : लाकडाचा किंवा मऊ धातूचा गुळगुळीत दंडगोल फिरत ठेवायचा आणि त्यावर एक धारदार पाते अक्षाशी ठरावीक कोनात तिरपे टेकवायचे. दंडगोल फिरला की पाते त्यात रुतते आणि स्वतःच्याच तिरपेपणामुळे हळूहळू पुढे सरकत जाते. मागे उमटते ती आट्याची वळणदार रेषा. कोन बदलला की आट्यांमधले अंतर बदलते. असे अनेक स्क्रू करायचे, त्यातला सर्वांत चांगला निवडायचा, त्यावरून पुढचा करायचा, उरलेल्या चुका मोजून दुरुस्त करायच्या. मूळच्या अचूकतेपेक्षा जास्त अचूकता अशी पायरीपायरीने मिळवावी लागते.

त्याने खगोलशास्त्रीय उपकरणांच्या मोजपट्ट्या आखण्यासाठी केलेल्या एका स्क्रूची नोंद आहे : लांबी ५ फूट, व्यास २ इंच, दर इंचाला ५० आटे. म्हणजे एकूण ३,००० आटे! त्याचा नट १२ इंच लांब होता आणि त्यात ६०० आटे होते. इतका लांब नट कशासाठी? एखाद्या आट्यात बारीकशी चूक असली, तरी नट एकाच वेळी सहाशे आट्यांवर टेकलेला असल्यामुळे ती चूक एकटी हुकूम गाजवू शकत नाही; सगळ्या लहानमोठ्या चुकांची सरासरी होते. प्रयोगात आपण एकच वाचन न घेता दहा वाचने घेऊन सरासरी काढतो, तेच तत्त्व इथे धातूत उतरले आहे.

१८०५ च्या सुमारास त्याने मोजमापाचे एक यंत्र केले. त्याच्या स्क्रूला दर इंचाला १०० आटे आणि चकतीच्या कडेवर १०० भाग होते. म्हणजे चकती एक भाग फिरली की जबडा इंचाच्या दहा हजाराव्या भागाइतका, म्हणजे साधारण अडीच मायक्रॉन, सरके. कारखान्यात मापावरून वाद झाला की या यंत्राचा निकाल अखेरचा. म्हणून त्याचे नाव पडले ‘लॉर्ड चॅन्सेलर’, म्हणजे सर्वोच्च न्यायाधीश. शाळेतला स्क्रू-गेज हा याच घराण्यातला.

तीन पटांची युक्ती

अचूक स्क्रूइतकीच आणखी एक गोष्ट कारखान्यात लागते : खरोखर सपाट पृष्ठभाग. मॉडस्लेच्या कारखान्यात कारागिरांच्या बाकांवर बिडाचे सपाट पट ठेवलेले असत. केलेला भाग त्यावर घासून पाहायचा, उंचवटे खरवडायचे. पण तो पट तरी सपाट आहे हे कशावरून? याचे उत्तर मॉडस्लेच्या हाताखाली शिकलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये विद्वानांपुढे मांडले. एक सपाट पट करता येत नाही, दोनही करता येत नाहीत. तीन मात्र करता येतात!

अ, ब आणि क असे तीन पट घ्या. अ वर रंगाचा पातळ थर लावून त्यावर ब टेकवायचा. जिथे रंग लागेल तो उंचवटा, तो खरवडायचा. असे करत अ आणि ब तंतोतंत जुळवले. पण अ फुगीर आणि ब तेवढाच खोलगट असला तरीही ते जुळतीलच. आता क सुद्धा अ शी जुळवला. म्हणजे अ फुगीर असेल तर ब आणि क दोघेही खोलगट. आता ब आणि क एकमेकांवर ठेवा. ते फक्त कडांना टेकतील आणि लबाडी उघडी पडेल. मग दोघेही सारखे खरवडायचे आणि पुन्हा सगळे फेरे करायचे. पट मधूनमधून वळवूनही ठेवायचे, म्हणजे पीळ लपून राहत नाही. तिन्ही पट कोणत्याही जोडीने जुळले, तर त्या तिघांना सपाट असण्यावाचून गत्यंतर नाही. बाहेरच्या कोणत्याही आदर्श मापाचा आधार न घेता, केवळ तर्क आणि चिकाटी यांच्या बळावर सपाटपणा मिळतो. भूमितीची एवढी सुंदर सिद्धता हाताने करून पाहता येते, हे आमच्या मते आश्चर्यच आहे.

कप्प्यांचा कारखाना

मॉडस्लेला मोठे काम मिळाले ते ब्रिटिश आरमाराचे. शिडाच्या जहाजांना दोर ओढण्यासाठी लाकडी कप्प्या लागतात. आरमाराला वर्षाला सुमारे एक लाख कप्प्या लागत आणि त्या हाताने केल्या जात. मार्क ब्रुनेल या फ्रान्समधून आलेल्या अभियंत्याने कप्प्या करणाऱ्या यंत्रांची योजना आखली, आरमाराच्या सॅम्युअल बेंथमने ती उचलून धरली आणि यंत्रे प्रत्यक्ष घडवली मॉडस्लेने. १८०२ पासून सहा-सात वर्षांत पोर्ट्समथच्या गोदीत एकूण ४५ यंत्रे बसली. एक यंत्र भोक पाडी, दुसरे खाच कोरी, तिसरे कडा घडवी. १८०८ साली तिथे वर्षाला १,३०,००० कप्प्या होऊ लागल्या. यंत्रांच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर एकसारखे उत्पादन करण्याचे हे जगातले अगदी सुरुवातीचे उदाहरण.

या कामाची एक आकडेवारी नेहमी कौतुकाने दिली जाते : ११० कुशल कारागिरांचे काम दहा अकुशल माणसे करू लागली. आम्हाला वाटते, हा आकडा वर्गात सांगताना तिथेच थांबू नये. उरलेल्या शंभरांचे काय झाले असेल, हा प्रश्न मुलांना विचारावा. यंत्रात शिरलेले कौशल्य आधी कोणाच्या तरी बोटांत होते. मॉडस्ले स्वतः अशाच बोटांचा धनी. आणि त्याच्याच यंत्रांमुळे कित्येकांच्या बोटांची किंमत उतरली. दुसरीकडे, यंत्रे करणाऱ्या नव्या कारागिरांचा एक वर्गही त्याच्याच कारखान्यात जन्माला आला. संगणक आल्यापासून हाच प्रश्न आपल्याही दारात उभा आहे. त्याचे सोपे उत्तर नाही, पण तो विचारलाच नाही असे होऊ नये.

मुंबईशी नाते

१८१० मध्ये मॉडस्लेने लंडनच्या लँबेथ भागात मोठा कारखाना काढला. तिथे वाफेची इंजिने, विशेषतः जहाजांची इंजिने होऊ लागली. पुढे जोशुआ फील्ड हा त्याचा भागीदार झाला. थेम्स नदीखालून बोगदा खणण्यासाठी ब्रुनेलने योजलेली लोखंडी ढालही १८२५ मध्ये इथेच घडली.

या कारखान्याचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. १८२९ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जहाजकारांनी ‘ह्यू लिंडसे’ हे सागवानी आगबोटीचे जहाज बांधले. त्यात ८० अश्वशक्तीची दोन इंजिने बसवली, ती मॉडस्लेच्या कारखान्याची. २० मार्च १८३० रोजी हे जहाज मुंबईहून निघाले आणि २२ एप्रिलला सुएझला पोचले. वाफेच्या बळावर मुंबईहून तांबड्या समुद्राच्या वाटेने टपाल नेण्याची ही सुरुवात. मुंबईच्या सुतारांचे सागवान आणि लँबेथच्या लोहारांचे लोखंड यांची ही जोडी होती.

शिष्यांची मांदियाळी

जानेवारी १८३१ मध्ये फ्रान्सहून परतताना मॉडस्लेला सर्दी झाली. ती वाढत गेली आणि १४ फेब्रुवारीला त्याचे निधन झाले. वय अवघे ५९. वुलिचला त्याला पुरले. तिथल्या स्मारकाची बिडाची रचना त्याने स्वतःच करून ठेवली होती.

त्याने ग्रंथ लिहिले नाहीत. पेटंटेही मोजकीच. मग तो आपल्याला कळला कसा? त्याच्या शिष्यांमुळे. रिचर्ड रॉबर्ट्सने धातू रंधण्याचे यंत्र आणि आपोआप चालणारे सूतकताई यंत्र केले. जेम्स नेस्मिथने वाफेचा हातोडा योजला. मॉडस्लेच्या पुष्कळ आठवणी त्यानेच लिहून ठेवल्या आहेत. मालक झाल्यावरही मॉडस्ले शर्टाच्या बाह्या सरसावून बाकाशी उभा राही, हे आपल्याला त्याच्याकडूनच कळते. जोसेफ क्लेमंटने चार्ल्स बॅबेजच्या गणकयंत्राचे भाग घडवले. ते यंत्र तेव्हा पुरे झाले नाही. पण बॅबेजच्या पुढच्या आराखड्यावरून १९९१ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने यंत्र बांधले. त्याचे भाग एकोणिसाव्या शतकात शक्य होते तितक्याच अचूकतेने केले होते, आणि ते यंत्र चालले!

आणि व्हिटवर्थ. मॉडस्लेच्या कारखान्यात सगळे आटे एका मापाचे. पण शेजारच्या कारखान्यात माप वेगळे. व्हिटवर्थने अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांच्या मापांची सरासरी काढली आणि १८४१ मध्ये सर्वांसाठी एक पद्धत सुचवली : आट्याचा कोन ५५ अंश, आणि प्रत्येक व्यासाला दर इंचाला ठरावीक आटे, पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८. रेल्वेने ती उचलली आणि ती जगभर पसरली.

वर्गात काय करता येईल?

घरातला अर्धा इंची नळ काढून त्याचे आटे पाहा. आपण दशमान पद्धती स्वीकारून अनेक दशके लोटली, तरी नळजोडणीचे आटे अजून व्हिटवर्थच्याच ५५ अंशांच्या घराण्यातले आहेत. दर इंचाला १४, म्हणजे १२.७ मिलिमीटरमध्ये ७ आटे. मुलांना पट्टी लावून मोजू द्या. मग बाहेरचा व्यासही मोजायला सांगा. तो अर्धा इंच भरणार नाही, जवळजवळ २१ मिलिमीटर भरेल. ‘अर्धा इंच’ हे नाव आतल्या पोकळीवरून पडले आहे, हे मुलांनाच शोधू द्या.

दुसरे, कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळा. कर्णाची रेषा म्हणजे आटा. त्रिकोण बुटका आणि उंच करून पाहा. आट्यांमधले अंतर बदलताना दिसेल.

तिसरे आणि महत्त्वाचे : गावातल्या लेथ वर्कशॉपमध्ये मुलांना घेऊन जा. बहुतेक तालुक्यांत एखादे तरी असते. तिथल्या टर्नरला आटे पाडून दाखवायला सांगा आणि मुलांना प्रश्न विचारू द्या. जमले तर त्यांनाच एक दिवस शाळेत बोलवा, पाहुणे म्हणून. आपल्याकडे पुस्तकातले ज्ञान पुढच्या बाकावर आणि हातातले ज्ञान वर्गाबाहेर, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ती वाटणी किती महाग पडते, हे आम्ही एका बोल्टपायी शिकलो.

काकांनी करून दिलेला तो बोल्ट त्या उपकरणाला नीट बसला होता. पुढे ते उपकरण मोडीत निघाले तेव्हा आम्ही तो काढून घेतला. आजही आमच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो.